अपघातानंतरचे पहिले आठ दिवस

दरवर्षी मेअखेरीस आपल्यापैकी अनेकांच्या बँक खात्यातून वीस रुपये कापले जातात. पासबुकात त्यापुढे चार-पाच इंग्रजी अक्षरे असतात, आणि ती कशाची हे विचारण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. पालक काही कामानिमित्त महाविद्यालयात येतात तेव्हा मी मुद्दाम पासबुक मागून घेतो आणि ती ओळ त्यांना दाखवतो. हा प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता. २०१५ मध्ये योजना सुरू झाली तेव्हा तो बारा रुपये होता, जून २०२२ पासून वीस झाला. १८ ते ७० वयाच्या खातेदाराला अपघाती मृत्यू आला किंवा दोन्ही डोळे, दोन्ही हात वा पाय गेले, तर दोन लाख रुपये मिळतात. एक डोळा, एक हात किंवा एक पाय कायमचा गेला तर एक लाख. पण ज्याच्या नावावर विमा होता तोच गेला आणि घरात कुणाला पत्ताच नाही, तर मागणार कोण?

आपल्या जोयडा तालुक्यात पोटासाठी करायची कामे बहुतेक जोखमीचीच. पोफळीवर चढणे, जंगलात बांबू तोडणे, गणेशगुडीला पर्यटकांना काळी नदीत राफ्टिंगला नेणे, रिसॉर्टच्या बांधकामावर जाणे, दांडेलीत ठेकेदाराकडे रोजंदारी करणे, नाहीतर घाट उतरून गोवा गाठणे. यातल्या फार थोड्यांना युनियन माहीत आहे.

कारखान्याच्या फाटकाआत कायम नोकरी आणि युनियनचे सभासदत्व असणाऱ्याची गोष्ट वेगळी. एकवीस हजारांपर्यंत पगार असेल तर कामगार राज्य विमा, म्हणजे आपल्या बोलण्यातला ई.एस.आय. लागू होतो. पगाराचा पाऊण टक्का कामगार भरतो, सव्वातीन टक्के मालक. दांडेलीत ई.एस.आय.चे इस्पितळही आहे. कामावर जखम होऊन घरी बसावे लागले तर सरासरी रोजाच्या नव्वद टक्के रक्कम मिळते आणि मृत्यू झाला तर विधवेला व मुलांना ठरलेल्या हिश्शाने दरमहा पैसे येतात. ठेकेदाराचा माणूसही यात बसतो, मात्र त्याचे नाव भरलेले असायला हवे. अनेकदा तिथेच पाणी मुरते.

माझ्या मते युनियनचा खरा फायदा विम्याच्या रकमेत नाही. अपघात झाला त्याच दिवशी तो नोंदवहीत लिहायला लावणारा, इस्पितळात सोबत जाणारा, कुठला फॉर्म कुठे द्यायचा हे ठाऊक असलेला एक माणूस तिथे असतो. फाटकाबाहेरच्या कामगाराला हा माणूस नसतो.

ही मागणी मराठी माणसाला नवी नाही. सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. आठवड्याची सुट्टी त्यात होतीच, ती १८९० मध्ये मिळाली आणि आपल्या लक्षातही राहिली. पण त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती: गिरणीत जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि जन्माचा अधू झाल्यास त्याच्या उदरनिर्वाहाची सोय व्हावी. त्यासाठी नुकसानभरपाईचा कायदा यायला १९२३ साल उजाडले. लोखंडे १८९७ मध्येच गेले होते.

तो कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. ई.एस.आय. नसलेल्या कामगारासाठी हाच आधार. हिशेब सोपा आहे. मृत्यू झाल्यास महिन्याच्या मजुरीच्या निम्म्या रकमेला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणायचे. तीस वर्षांच्या माणसाचा आकडा २०७.९८. मजुरी बारा हजार असेल तर सहा हजार गुणिले २०७.९८, म्हणजे १२ लाख ४७ हजार ८८० रुपये. कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास निम्म्याऐवजी साठ टक्के धरतात. अंगठा गेला तर कमाईची शक्ती तीस टक्के घटली असे मानतात, आणि भरपाई त्या प्रमाणात.

आता आपल्याकडे काय होते ते आठवा. माणूस गेला की गावातली चार वजनदार मंडळी बसतात, ठेकेदार पन्नास हजार पुढे करतो, स्टँप पेपरवर 'यापुढे काही मागणे नाही' असे लिहून घेतात आणि त्या घरातली बाई अंगठा किंवा सही करते. बारा लाखांच्या जागी पन्नास हजार! वाचकहो, हक्क सोडल्याच्या अशा कागदाला कायद्यात किंमत नाही. मृत्यूची भरपाई परस्पर वारसांच्या हातात देऊन मालक मोकळा होत नाही, ती सरकारी अधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. ठेकेदार निसटला तरी ज्याचे काम चालू होते तो मूळ मालक जबाबदार धरता येतो. 'तो प्यायलेला होता' हे नेहमीचे उत्तरही मृत्यूच्या बाबतीत चालत नाही. आणि नव्या संहितेत कामावर जाता-येता झालेला अपघातही, कामाशी त्याचा संबंध असेल तर, धरला जातो.

हे सगळे मिळायचे तर पहिल्या आठ दिवसांतले कागद हवेत. पोलिसांत तक्रार, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल. दुःखाच्या घरात 'त्याच्या देहाची चिरफाड नको' असे वडीलधारे म्हणतात, त्यात वाड्यावस्त्यांपासून इस्पितळ लांब. त्यामागची माया मला कळते. पण तो अहवाल नसेल तर पुढे मृत्यू अपघाती होता हे सिद्ध करणे फार कठीण जाते. साप चावला किंवा माणूस झाडावरून पडला तर इस्पितळाची लगेचची नोंद लागते. म्हणून आधी गावठी औषध करून मग दवाखाना गाठण्यात जीव जातो तो जातोच, शिवाय कागदही जातो. वीस रुपयांच्या विम्याचा दावा तीस दिवसांच्या आत बँकेत द्यावा. तो इतर भरपाईच्या आड येत नाही, दोन्ही मिळू शकतात.

बांधकामावर वर्षात नव्वद दिवस काम केलेल्यांनी राज्याच्या बांधकाम कामगार कल्याण मंडळाचे कार्ड काढावे आणि त्याची मुदतही पाहावी. अपघाताच्या दिवशी कार्ड संपलेले निघाले तर मग धावपळ करून उपयोग नसतो.

राहिला भाषेचा घोळ. कन्नड अर्जात 'परिहार' लिहिलेले असते. मराठी शाळेत शिकलेल्या आजोबांना वाटते, आरोपाचा परिहार करायचा आहे! तो शब्द तिथे भरपाईसाठी आहे. 'विमे' म्हणजे विमा, 'वारसुदार' म्हणजे वारसदार, हे ओळखता येते. त्याहून मोठी अडचण नावांची. मराठी शाळेच्या दाखल्यावर 'गावडे', कन्नड रेशनकार्डावर 'गावडा', आधारवर इंग्रजीत तिसरेच काही. लग्न होऊन आलेल्या सुनेचे तर माहेरचे नाव बँकेत आणि सासरचे मतदार यादीत. माणूस हयात असताना हे कुणाला खटकत नाही, पण दावा याच अक्षरावर अडतो. दोन्ही लिपी वाचणारी मुले आता घरोघरी आहेत. एखाद्या रविवारी त्यांना घरातले सगळे कागद शेजारी शेजारी मांडून वाचायला सांगावे. नॉमिनीची जागाही त्यांनी पाहावी. लग्नाआधी उघडलेल्या खात्यावर तिथे अजून आईचे नाव असते आणि आई कधीच वारलेली असते.