पडद्यावरची नवी कला

विद्यार्थी मित्रांनो, चित्रकार चित्र कशाने काढतो असे विचारले, तर तुम्ही लगेच सांगाल, "रंगाने आणि कुंचल्याने." मूर्तिकार माती, दगड किंवा लाकूड वापरतो. पण एखाद्या कलावंताने टीव्हीचा संच समोर ठेवला आणि 'हाच माझा कागद, हेच माझे रंग' असे ठरवले तर? सुमारे साठ वर्षांपूर्वी असे खरोखरच घडले. त्यातून जी कला जन्माला आली, तिला 'व्हिडिओ कला' म्हणतात.

सिनेमा आणि टीव्ही आपण नेहमी पाहतो. मग या कलेत वेगळे काय आहे? सिनेमात बहुधा एक गोष्ट असते. आपण एका जागी बसून ती पाहतो. व्हिडिओ कला मात्र कलादालनात किंवा संग्रहालयात मांडलेली असते. लोक तिच्याभोवती फिरतात, थांबतात आणि विचार करतात. तिच्यात पुष्कळदा गोष्ट नसते, पण एक प्रश्न असतो.

या कलेचा जनक म्हणून नाम जून पाइक यांचे नाव घेतात. त्यांचा जन्म १९३२ साली कोरियातील सोल शहरात झाला. संगीताच्या अभ्यासासाठी ते जर्मनीला गेले. तेथे वुपर्टाल या गावी १९६३ साली त्यांनी एक प्रदर्शन भरवले. त्यात टीव्हीचे अनेक जुने संच होते. पाइक यांनी त्यांच्या आतील जोडणीत बदल केले होते. त्यामुळे पडद्यावरची चित्रे वेडीवाकडी दिसत होती. एका संचावर तर फक्त एक उजळ रेघ उरली होती!

१९६५ साली त्यांनी टीव्हीच्या संचावर एक मोठा लोहचुंबक ठेवला. त्या काळच्या संचात काचेची चित्रनळी असे. तिच्या आत इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्यावर आदळून चित्र उमटत असे. लोहचुंबकामुळे तो झोत वाकला आणि पडद्यावर सुंदर वळणांची नक्षी उमटली. लोहचुंबक हलवला की नक्षीही बदले. आजवर टीव्ही जे दाखवी, तेच लोक पाहत. आता माणूस आपल्या हाताने पडद्यावरचे चित्र बदलू लागला. (घरी मात्र हा प्रयोग करू नका. जुन्या संचाच्या पडद्याचे रंग त्याने बिघडतात.)

याच सुमारास खांद्याला अडकवून नेता येईल असा व्हिडिओ कॅमेरा बाजारात आला. पूर्वी टीव्हीचे कॅमेरे फार जड आणि महाग होते. ते मोठ्या संस्थांकडेच असत. सिनेमाची फीत रसायनात धुतल्याशिवाय पाहता येत नसे. व्हिडिओची फीत मात्र मागे फिरवली की लगेच पाहता येई. त्यामुळे एकटा कलावंतही काम करू लागला.

पाइक यांची १९७४ सालची एक कलाकृती जगभर प्रसिद्ध आहे. तिच्यात बुद्धाची एक जुनी मूर्ती टीव्हीसमोर शांत बसली आहे. समोरचा कॅमेरा मूर्तीचे चित्र घेतो आणि तेच चित्र त्याच क्षणी टीव्हीवर दिसते. म्हणजे बुद्ध स्वतःलाच पाहत आहे! हे आत्मचिंतन आहे, की टीव्हीचा मोह? पाइक उत्तर देत नाहीत. उत्तर आपण शोधायचे. पाइक २००६ साली वारले.

अमेरिकेचे बिल व्हायोला (१९५१–२०२४) यांनी 'वेळ' हाच आपला रंग मानला. १९७७ ते १९७९ या काळात त्यांनी तयार केलेल्या एका व्हिडिओत एक माणूस तळ्याच्या काठावर उभा आहे. तो उडी मारतो आणि हवेतच थांबतो! खाली पाण्यावर मात्र तरंग उठतच राहतात. एकाच चित्रात एक वेळ थांबलेली आणि दुसरी चालू, असे दृश्य आपण प्रत्यक्षात कधी पाहू शकत नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. नलिनी मलानी यांचा जन्म १९४६ साली कराचीत झाला. फाळणीनंतर त्यांचे कुटुंब भारतात आले. त्यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण घेतले. सआदत हसन मंटो यांची 'टोबा टेक सिंग' ही उर्दू कथा तुम्ही कदाचित ऐकली असेल. फाळणीनंतर दोन देशांनी वेड्यांचीही अदलाबदल केली. तेव्हा आपले गाव नेमके कोणत्या देशात, हे न कळलेल्या एका माणसाची ती कथा आहे.

१९९८ साली भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांनी अणुचाचण्या केल्या. तेव्हा मलानी यांना या कथेची आठवण झाली आणि त्यांनी एक मोठी कलाकृती उभारली. १९९९ साली ती मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात दाखवली गेली. जमिनीवर पत्र्याच्या बारा ट्रंका होत्या. घर सोडून जाणारी माणसे अशाच ट्रंका बरोबर नेतात. प्रत्येक ट्रंकेत एक पडदा होता. समोरासमोरच्या भिंतींवर दोन स्त्रिया दिसत. दोघी मिळून एका साडीची घडी घालू पाहत होत्या, पण मध्ये अख्ख्या दालनाचे अंतर होते. प्रेक्षक त्या अंतरातच उभा असे. मंटोंचा नायकही शेवटी दोन सीमांच्या मधल्या जागेतच पडतो. कथा वाचताना आपण ती जागा मनात पाहतो. येथे प्रेक्षक स्वतःच तेथे उभा होता.

मित्रांनो, आज पडदे सगळीकडे आहेत. त्यांच्यावर चित्रे धावत असतात आणि आपण नुसते पाहत राहतो. या कलावंतांनी पडद्यालाच थांबवून प्रश्न विचारला. पुढच्या वेळी पडद्यासमोर बसाल, तेव्हा क्षणभर थांबा आणि स्वतःला विचारा : हे मला कोण दाखवत आहे? का दाखवत आहे? आणि मी खरोखर काय पाहत आहे?