गॅस जलतापक

गॅस जलतापक : घरगुती वापराचे पाणी वाहत असतानाच गॅसच्या ज्योतीने तापविणारे उपकरण. व्यवहारात यास ‘गॅस गीझर’ म्हणतात. विजेवर चालणाऱ्या सामान्य जलतापकात पाणी टाकीत साठवून तापवितात. गॅस जलतापकात साठवण नसते, तोटी उघडताच ज्योत पेटते व बंद करताच विझते. या उपकरणाची सुरक्षितता त्याच्या घडणीइतकीच ते बसविण्याच्या जागेवर अवलंबून असते. ज्योतीस लागणारी हवा पुरविणे व ज्वलनातून निघणारे वायू घराबाहेर घालविणे ही कामे साधे उपकरण स्वतः पुरी करू शकत नाही. त्यांची सोय घरातच करावी लागते.

इतिहास : लंडन येथील बेंजामिन वॅडी मॉन यांनी १८६८ साली गॅसवर चालणारा स्नानगृहातील जलतापक तयार केला. आइसलँडमधील उसळत्या उष्णोदकाच्या झऱ्यांवरून त्यास ‘गीझर’ हे नाव पडले. ज्वलनवायू बाहेर नेणारी नळी त्यास नव्हती, त्यामुळे तो धोक्याचा होता. पुढे अमेरिकेत एडविन रूड यांनी १८८९ च्या सुमारास स्वयंचलित जलतापक बनविला, तर जर्मनीत ह्यूगो युंकर्स यांच्या डेसौ येथील कारखान्यात १८९५ पासून गॅस जलतापकांचे उत्पादन होऊ लागले.

महाराष्ट्रात स्नानाचे पाणी तापविण्यासाठी चुलीवरील हंडा व तांब्याचा बंब ही साधने दीर्घकाळ वापरात होती. बंबाच्या मध्यातून वर जाणारी नळी हे त्याचे धुराडेच होय. बंब बहुधा परसात, पडवीत किंवा मागील दारी ठेवीत; कारण लाकडे व गोवऱ्या यांचा धूर डोळ्यांस झोंबे व तो घरात कोंडू देणे कोणासही शक्य नसे. गॅसच्या ज्योतीस दृश्य धूर नसतो. त्यामुळे बंबाच्या बाबतीत आपोआप पाळला जाणारा नियम गॅस जलतापकाच्या बाबतीत सहज विसरला जातो. मुंबईत १९५५ च्या सुमारास ‘बर्शेन’ या नावाने सिलिंडरमधील गॅस घरोघरी येऊ लागला. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेमुळे तो ग्रामीण भागातही मोठ्या प्रमाणावर पोहोचला.

रचना व कार्य : पत्र्याच्या पेटीत तळाशी ज्वालक (बर्नर) व त्याच्या वर तांब्याची वेटोळी नळी व पातळ पत्र्या यांचा उष्णता विनिमयक असतो. पाणी वाहू लागले की, त्याच्या दाबाने एक लवचिक पडदा सरकतो, गॅसची झडप उघडते व शुष्क विद्युत् घटांवर निर्माण होणाऱ्या ठिणगीने ज्वालक पेटतो. ज्योत विझल्यास गॅस बंद करणारी योजना उपकरणात असावी लागते. काही उपकरणांत हवेतील ऑक्सिजन कमी होताच गॅस तोडणारा संवेदकही असतो. तथापि तो वायुवीजनास पर्याय होऊ शकत नाही. द्रवीकृत खनिज तेल वायूवर चालणाऱ्या लहान घरगुती जलतापकांसाठी भारतीय मानक आयएस १५५५८ लागू आहे. नैसर्गिक वायू व द्रवीकृत वायू यांचा दाब व उष्णतामूल्य भिन्न असल्याने एकासाठी बनविलेले उपकरण दुसऱ्यावर चालवू नये.

हवेची गरज : मिनिटास ६ लि. पाण्याचे तापमान २०° से. ने वाढविण्यास मिनिटाला १२० किलोकॅलरी उष्णता लागते. कार्यक्षमता ८०% धरल्यास तासाला सु. ०·८ किग्रॅ. गॅस जळतो, म्हणजे स्वयंपाकाच्या शेगडीवरील एका मोठ्या ज्वालकाच्या चौपटीहून अधिक. एक किग्रॅ. गॅस पूर्ण जळण्यास सु. १३ घ. मी. हवा लागते. यावरून दहा मिनिटांच्या वापरात सु. १·८ घ. मी. हवेतील सर्व ऑक्सिजन खर्ची पडतो. शहरी घरातील १·२ मी. × १·५ मी. × २·४ मी. मापाच्या न्हाणीघरात एकूण हवाच सु. ४·३ घ. मी. असते. दार व खिडकी पूर्ण बंद असल्यास पाच मिनिटांतच तेथील ऑक्सिजनचे प्रमाण २१ टक्क्यांवरून सु. १७ टक्क्यांवर येते. अशा हवेत ज्वलन अपूर्ण राहते व कार्बन डाय-ऑक्साइडाबरोबर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निर्माण होऊ लागतो.

कार्बन मोनॉक्साइडाची विषबाधा : हा वायू रंगहीन व गंधहीन आहे. सिलिंडरमधील गॅसला गळती कळावी म्हणून उग्र वासाचे द्रव्य मिसळलेले असते. कार्बन मोनॉक्साइडाच्या बाबतीत अशी कोणतीही सूचना मिळत नाही. रक्तातील हीमोग्लोबिनाशी तो ऑक्सिजनाच्या २०० पटींहून अधिक आसक्तीने संयोग पावतो आणि ऊतकांना ऑक्सिजन मिळेनासा होतो. हवेत तो ०·०४% असल्यास एक-दोन तासांत डोके दुखू लागते. प्रमाण ०·१६% झाल्यास वीस मिनिटांत डोकेदुखी, भोवळ व मळमळ सुरू होते आणि एक-दोन तासांत मृत्यू ओढवतो. ०·६४% प्रमाणात एक-दोन मिनिटांतच लक्षणे दिसतात व दहा-पंधरा मिनिटांत प्राणास धोका संभवतो. स्नायूंतील बळ आधी जात असल्याने धोका उमगला, तरी व्यक्तीस उठून कडी काढणे जमत नाही. स्नानगृहात येणारी अशी बेशुद्धी वा झटके कधीकधी अपस्मार समजले जातात; म्हणून भारतातील वैद्यकीय लेखनात ‘गॅस गीझर लक्षणसमूह’ अशी स्वतंत्र संज्ञा रूढ झाली आहे. मुंबई, पुणे, नासिक इ. शहरांत अशा दुर्घटना घडलेल्या आहेत. दारे-खिडक्या लावून घेण्याच्या सवयीमुळे हिवाळ्यात धोका वाढतो.

जागेची निवड : जलतापक न्हाणीघरात बसवू नये. तो बाहेरच्या भिंतीवर किंवा खुल्या सज्जात, वर पन्हाळी छप्पर व बाजू मोकळ्या अशा ठिकाणी बसवून केवळ गरम पाण्याची नळी आत न्यावी. काचांनी बंद केलेला सज्जा हा मोकळी जागा समजता येत नाही. उपकरण खोलीत बसविणे अपरिहार्य असल्यास भिंतीत खाली व वर अशी दोन कायमची, बंद करता न येणारी झरोके ठेवावी लागतात व ज्वलनवायूंसाठी धूरनळी जोडावी लागते. ही नळी उपकरणाच्या तोंडाहून अरुंद नसावी, प्रथम सरळ वर न्यावी, तीत वळणे कमीत कमी असावी व तिचे बाहेरचे टोक खिडकीपासून दूर असावे. त्याच खोलीतील हवा बाहेर फेकणारा पंखा धूरनळीतील वायू उलट आत ओढू शकतो. म्हणून असा पंखा हे संरक्षणाचे साधन मानणे चुकीचे होय.

जोडणी : गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असल्याने सिलिंडर खड्ड्यात, तळघरात वा तळाशी छिद्रे नसलेल्या कपाटात ठेवू नये, तो उभाच ठेवावा. मानकचिन्हांकित रबरी नळी १·५ मी. पेक्षा लांब नसावी व ती भिंतीतून ओवू नये. भिंत ओलांडण्यासाठी धातूची नळी वापरतात. शेगडीच्या नळीस अनधिकृत टी-जोड लावणे धोक्याचे असते. जोडणी गॅस वितरकाच्या अधिकृत कारागिराकडूनच करून घ्यावी. जोड साबणाच्या पाण्याने तपासतात. बुडबुडे आल्यास गळती आहे असे समजावे. पेटती काडी कधीही वापरू नये. धूरनळीचा ओढा पाहण्यासाठी उपकरण चालू असता तिच्या मुखाशी उदबत्ती धरतात; धूर आत खेचला गेला पाहिजे.

डहाणू–तलासरी भागातील उभारणी : स्थानिक परिस्थितीनुसार उभारणीत कोणती जादा काळजी घ्यावी लागते, हे पालघर जिल्ह्यातील चारोटीच्या परिसरावरून दिसून येते. डहाणू तालुक्यातील हे गाव मुंबई–अहमदाबाद महामार्गावर आहे. या भागातील जुनी घरे कारवीच्या कुडाची, शेणामातीने लिंपलेली व वर गवत किंवा कौले असलेली असत. भिंत व छप्पर यांमधील फटींतून हवा खेळत राही. विटांच्या भिंती, काँक्रीटचे छत व घट्ट बसणारे दार असलेल्या नव्या न्हाणीघरांत ही सोय राहिलेली नाही. शिवाय नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या आसपास डहाणू व तलासरी तालुक्यांत लहान भूकंपांची मालिका सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४·१ महत्तेचा धक्का बसला. अनेक घरांच्या भिंतींना तडे गेले. अशा प्रदेशात जलतापक कुडावर वा तडा गेलेल्या भिंतीवर टांगू नये. पक्क्या भिंतीत प्रसरणशील खिळे ठोकून तो बसवावा. सिलिंडर साखळीने भिंतीस जखडावा व पाण्याच्या जोडनळ्या लवचिक असाव्यात. जाणवण्याजोग्या प्रत्येक धक्क्यानंतर गॅस बंद करून सर्व जोड व धूरनळीचे सांधे पुन्हा तपासणे आवश्यक आहे. निसटलेला सांधा ज्वलनवायू नकळत घरात सोडतो.

वापर व देखभाल : ज्योत निळी असावी, ती पिवळी दिसल्यास किंवा पेटीवर काजळी धरल्यास हवा अपुरी पडत आहे असे समजून वापर थांबवावा. उष्णता विनिमयकातील काजळी व क्षार वर्षातून एकदा काढवून घेतात. उपकरण न्हाणीघरातच बसविलेले असल्यास दार उघडे ठेवून बादली भरावी, ज्योत व सिलिंडर बंद करावे आणि नंतरच स्नानास जावे. मात्र हा तात्पुरता उपाय असून उपकरण बाहेर हलविणे हाच खरा उपाय होय.

प्रथमोपचार : बाधित व्यक्तीस ताबडतोब मोकळ्या हवेत आणावे, दारे-खिडक्या उघडाव्यात व गॅस बंद करावा. सोडविणाऱ्याने आत थांबू नये. श्वास बंद पडला असल्यास कृत्रिम श्वसन द्यावे व १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी. साध्या हवेत रक्तातील कार्बन मोनॉक्साइड निम्म्यावर येण्यास चार ते पाच तास लागतात, तर शुद्ध ऑक्सिजन दिल्यास सु. दीड तास पुरतो. रुग्ण शुद्धीवर आला, तरी स्मृती व हालचाली यांतील दोष काही आठवड्यांनंतरही उद्भवू शकतात. म्हणून वैद्यकीय तपासणी टाळू नये.