दोरी ओढून हात भरून आले, तरी करवत चालू होईना!

गेल्या श्रावणातली गोष्ट. भाताची पाहणी करण्यासाठी ब्रह्मगिरीच्या अंगाला असलेल्या एका पाड्यावर सकाळीच गेलो होतो. रात्री वाऱ्यापावसाने एक जुना आंबा मुळासकट उलथून गोठ्याच्या दारावर आडवा झाला होता. आत दोन बैल आणि एक गाभण गाय. छप्पर एका बाजूने दबलेले. बाहेर घरचा तरणा मुलगा चेनसॉची, म्हणजे पेट्रोलवरच्या साखळी करवतीची, दोरी ओढून ओढून घामाघूम झालेला.

"साहेब, मशीन गेलं. नाशिकला न्यावं लागंल," त्याचा बाप म्हणाला.

"बाबा, शेवटचं कधी चालवलं होतं?"

"रोहिण्यांत. राबासाठी फांद्या तोडल्या तवा."

"आणि पेट्रोल?"

"ते टाकीतच हाय की!"

इथेच निम्मे उत्तर मिळाले. टाकीतले पेट्रोल काचेच्या पांढऱ्या बाटलीत ओतून दहा मिनिटे स्थिर ठेवले. तळाशी पाण्यासारखा वेगळा थर दिसू लागला.

शेतकरी बंधूंनो, आता पंपावर मिळणारे पेट्रोल पूर्वीचे राहिलेले नाही. २०२५ सालापर्यंत देशभर त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाऊ लागले. इथेनॉलला पाण्याची ओढ फार. हवेतली ओल ते शोषून घेते, आणि पाणी मर्यादेपलीकडे गेले की दोघे मिळून पेट्रोलपासून सुटतात व तळाशी बसतात. टाकीतली नळी नेमकी तळाचेच ओढते. आपला त्र्यंबक-इगतपुरीचा पट्टा जिल्ह्यातल्या सर्वांत जास्त पावसाचा. घरातले मीठ जिथे पाझरते, तिथे अर्धवट भरलेल्या टाकीतले पेट्रोल कोरडे कसे राहणार? म्हणून तयार मिश्रण महिन्याभराच्या वर ठेवू नये. लागेल तेवढेच करावे.

दुसरी चूक मुलाच्या हातून झाली होती. चोक बंद ठेवूनच तो दोरी ओढत होता. थंड मशीनला चोक लावावा हे खरे, पण एकदा 'फट्' असा आवाज आला की चोक उघडलाच पाहिजे. तो आवाज फार हळू असतो, घाईत ऐकू येत नाही. नंतर जितके ओढाल तितके पेट्रोल आत साचते आणि प्लग भिजतो. आम्ही प्लग काढला, तो ओलाचिंब! फडक्याने पुसून कोरडा केला. चोक उघडून, प्लग न लावता, मशीनचे बटण बंद ठेवून दोरी सात-आठ वेळा ओढली, तेव्हा साचलेले पेट्रोल बाहेर पडले. (प्लग चुलीवर तापवण्याची आपल्याकडे खोड आहे. पेट्रोलचे हात चुलीजवळ नेऊ नयेत.)

शेजाऱ्याच्या मोटारसायकलमधून ताजे पेट्रोल काढले. करवतीचे इंजिन टू-स्ट्रोक असते, नुसत्या पेट्रोलवर ते चालवले की पिस्टन जळतो. ऑइल किती घालायचे ते मशीनच्या पुस्तिकेत पाहावे. त्यांच्या मशीनला पन्नासास एक, म्हणजे अर्ध्या लिटरला १० मिलि लागत होते. काही मशीनना याच्या दुप्पट लागते. साखळीच्या ऑइलची टाकी वेगळी असते. या दोन टाक्यांची अदलाबदल झालेली मी दोनदा पाहिली आहे.

करवत जमिनीवर ठेवून, मागच्या मुठीत उजवा पाय रोवून, डाव्या हाताने पुढची मूठ दाबून, साखळीचा ब्रेक लावून दोरी ओढली. तिसऱ्या झटक्याला मशीन बोलू लागले. नंतर ब्रेक सोडून, दाबलेल्या फांद्यांपासून माणसे लांब उभी करून, टोकाकडून बारीक फांद्या काढत काढत दुपारपर्यंत दार मोकळे झाले. गाय आधी बाहेर आली.

एवढे करूनही चालू झाले नाही तर प्लगची ठिणगी पाहावी. टाकी बंद करून, सांडलेले पेट्रोल पुसून, प्लग त्याच्या टोपीत घालून धातूला टेकवावा. प्लगच्या भोकापासून मात्र लांब धरावा. बटण चालू करून दोरी ओढली की निळी ठिणगी दिसावी. नसेल तर नवा प्लग घालून पाहावा, तो स्वस्त असतो. तरीही ठिणगी नसेल तर खरोखर मिस्त्रीकडे न्यावे.

चालू होते, पण लाकडाला लावले की दम सोडते, अशी तक्रार असेल तर एअर फिल्टर पाहावा. भुशाने तो गच्च बसतो. पाच-दहा मिनिटांनी बंद पडत असेल तर टाकीचे झाकण किंचित सैल करावे. लगेच सुधारले तर टाकीला हवा मिळण्याची वाट बुजली आहे असे समजावे. झाकण सैल ठेवूनच काम करू नये, पेट्रोल सांडते. इंजिन जोरात, पण साखळी जागची हलत नाही, तेव्हा ब्रेक लागलेला असतो. आणि कापताना चिपाड न पडता पीठ पडत असेल, तर इंजिनचा काही दोष नाही, साखळीला धार लावा.

कार्बोरेटरच्या बारीक स्क्रूंना मात्र हात लावू नये. पेट्रोल कमी पडू लागले की इंजिन तापून पिस्टन धरतो, आणि मग खर्च मशीनच्या किमतीजवळ जातो.

उभा साग, आंबा किंवा मोह आपल्या मालकीच्या रानात असला तरी १९६४ च्या झाडतोड कायद्याप्रमाणे आधी परवानगी घ्यावी लागते, हेही जाता जाता सांगतो.

मृग लागण्यापूर्वी काम आटोपले की टाकी रिकामी करावी, मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे. गार झाल्यावर प्लग काढून टू-स्ट्रोक ऑइलचे दोन-चार थेंब आत सोडावेत, दोरी हळू दोनदा ओढावी व प्लग परत बसवावा. मशीन कोरड्या जागी, चुलीपासून दूर टांगावे. ताज्या पेट्रोलसाठी एक रिकामा डबा आणि ऑइलची बाटली शेजारीच ठेवावी.