चांदीच्या घोडीची आंघोळ

नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण अंगाला तेल चोळतो, उटणे लावतो आणि मग ऊन ऊन पाणी घेतो. सुवासिक साबणाची वडीही असते म्हणा, पण तिचा मान शेवटचा. असे का, म्हणून घरातल्या आजीला विचारावे तर ती एवढेच सांगते, "थंडीत कातडी फुटते रे बाबा!" वाचकहो, आजीच्या ह्या एका वाक्यात केवढे शास्त्र भरलेले आहे, ते मला कुठल्या ग्रंथात नव्हे, तर आमच्या विठ्ठलवाडीच्या एका तबेल्यात, एका पांढऱ्याशुभ्र घोडीच्या पाठीवर वाचावयास मिळाले.

कल्याण सोडून कर्जतकडे जाऊ लागले की पहिले स्टेशन विठ्ठलवाडी. रुळांना लागूनच उल्हासनगर. फाळणीनंतर लष्करी छावणीत आश्रयाला आलेल्या सिंधी कुटुंबांचे हे गाव १९४९ साली शहर म्हणून नावारूपाला आले. सिंधी मंडळींच्या लग्नात नवरदेव घोडीवर बसल्याशिवाय वरात म्हणून हलत नाही. आता आम्हां मराठी माणसांनाही ती हौस जडली आहे. तुळशीचे लग्न लागले रे लागले की आमच्याकडे घोडीला जी मागणी येते, ती एखाद्या उपवर डॉक्टरलाही येत नसेल! आणि घोडी हवी ती पांढरीच.

सारी वस्ती ज्यांना 'मामा' म्हणते, त्यांच्याकडे पत्र्याच्या शेडमध्ये तीन जनावरे आहेत. मामांचे वडील मुंबईत व्हिक्टोरिया हाकीत. २०१५ साली उच्च न्यायालयाने तो धंदा बेकायदा ठरवला, त्याच्या पुष्कळ आधीच हे घराणे इकडे येऊन वरातीच्या कामाला लागले होते. त्यांची 'चांदणी' ही नुकरी घोडी. 'नुकरा' हा शब्द फारसीतून आलेला, अर्थ चांदी. आमच्या मराठीत घोड्याच्या रंगांची कोण श्रीमंती! कुमैत, मुश्की, अबलख, पंचकल्याणी... पण बाजारात भाव खाऊन जातो तो नुकरा.

येथे एक गंमत सांगितली पाहिजे. पांढरा दिसणारा प्रत्येक घोडा नुकरा नसतो. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमधले जगप्रसिद्ध लिपिझानर घोडे जन्मतात ते काळपट रंगाचे. वय वाढते तसतसे त्यांचे केस पांढरे होत जातात, तुमच्याआमच्यासारखेच. केसांखालची त्यांची कातडी मात्र काळीच राहते. नुकऱ्याचे तसे नाही. तो जन्मतःच पांढरा आणि केसांखालची कातडी गुलाबी, नुकत्या जन्मलेल्या बाळाच्या तळपायासारखी. उन्हापासून बचाव करणारे काळे रंगद्रव्य तिच्यात नाही. म्हणजे ज्या गुलाबी झाकेसाठी गिऱ्हाईक जादा पैसे मोजते, तीच त्या जनावराची दुखरी बाजू.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. चांदणीला सारंगखेड्याला न्यावयाचे मामांच्या मनात होते. नंदुरबार जिल्ह्यात, तापीच्या काठी, एकमुखी दत्ताची यात्रा दत्तजयंतीला भरते. तेथील घोडेबाजार देशभर प्रसिद्ध. राजस्थान, पंजाब, उत्तर प्रदेशापासून घोडे येतात. खरेदीविक्रीबरोबर घोड्यांच्या सौंदर्याच्या आणि चालीच्या स्पर्धाही होतात. तेथे घोडीचे नाव झाले, तर पुढच्या लग्नसराईत मामांचा दर वाढणार होता, आणि त्या दरावर थोरल्या मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणाचा दुसऱ्या वर्षाचा खर्च निघावयाचा होता. तेव्हा चांदणीला उजळ करण्याचा सपाटाच सुरू झाला. हाताखालचा पोऱ्या उत्साही. रोज सकाळी बादलीत कपडे धुण्याची पावडर, वर चिमूटभर नीळ, आणि घसघशीत ब्रश. आठ दिवस घोडी अशी लखलखली की येणारेजाणारे थांबून पाहू लागले.

नवव्या दिवशी तिने पाठ खांबाला घासावयास आरंभ केला. पंधराव्या दिवशी पोटाखाली पुरळ, पाठीवर कोंडा, आणि खोगिराच्या जागी केसांचे पुंजके हातात येऊ लागले. नाकाडावरची कातडी तर पापुद्रे धरून सोलली. सारंगखेडा सव्वा महिन्यावर! मग जनावरांच्या डॉक्टरांना बोलावणे गेले. वरातीमागून घोडे म्हणतात ते हे असे.

डॉक्टर बाई होत्या, तरुण, कमी बोलणाऱ्या. औषधाची चिठ्ठी लिहिण्याआधी त्यांनी पावडरीचा पुडा मागून घेतला आणि त्याच्यावरचा मजकूर नीट वाचला.

"मामा, ह्याने तुम्ही स्वतः आंघोळ कराल का?"

"छे! अंग भाजेल बाई माझं."

"मग हिचं तेच झालंय."

पुढे त्यांनी जे समजावले, ते मी तेथेच उभा राहून ऐकले. घोड्याच्या कातडीतून एक स्निग्ध द्रव सतत पाझरत असतो. केसांना चमक येते ती त्याच्यामुळे, आणि पाणी, धूळ, जंतू बाहेर राहतात तेही त्याच्यामुळे. धुण्याच्या पावडरीतला सोडा हे तेल मुळापासून खरवडून काढतो. माणसाचा शॅम्पू निदान सौम्य तरी असावा, असे आपल्याला वाटते. पण माणसाची कातडी किंचित आंबट गुणाची आणि घोड्याची जवळजवळ समतोल, तेव्हा आपला शॅम्पूही त्याला नेहमीसाठी मानवत नाही. शिवाय घोडा सर्वांगाने घामाघूम होतो. जोराच्या कामात तासाला दहा लिटरपर्यंत घाम! त्या घामात लॅथरिन नावाचे एक प्रथिन असते, साबणासारखे फेसाळणारे. धावून आलेल्या घोड्याच्या मानेवर जो पांढरा फेस दिसतो, तो त्याचाच. तेलकट केसांवर घाम पसरावा आणि अंग थंड व्हावे म्हणून ही योजना. देवाने घोड्याला साबण जन्मतःच देऊन ठेवला आहे म्हणावयाचा!

"पण सगळ्यांत मोठा घात साबणाने नाही, अर्धवट धुण्याने होतो," बाई म्हणाल्या. आमच्याकडची ही अडचण खरीच आहे. वालधुनी नदी येथून शंभर पावलांवर. पण अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराशेजारून येणारी ती नदी कारखान्यांच्या सांडपाण्याने आज अशी झाली आहे की तिच्यात घोड्याचा खूरही बुडवू नये. नळाला पाणी मोजके. उरले बोअरचे, जड पाणी. त्यात साबण नीट फेसाळत नाही आणि फेसाळला तर निघत नाही. केसांच्या मुळाशी राहिलेला तो थर झुलीखाली घामात भिजतो आणि मग खाज सुटते. वरातीची झूल म्हणजे मखमल, जर, आरसे. वाऱ्याला आत वाट नाही.

तीन आठवडे साबण पूर्ण बंद झाला आणि त्याच्या जागी आला खरारा. ज्या क्रियेला आमच्या भाषेने एवढा खणखणीत शब्द दिला आहे, ती आम्ही आळसाने सोडून दिली होती. मात्र नाजूक कातडीला लोखंडी दात्यांचा खरारा चालत नाही. रबराचा घ्यावयाचा, हलक्या हाताने गोल गोल फिरवावयाचा, म्हणजे मेलेले केस आणि कोंडा वर येतो. मग मऊ ब्रश केसांच्या दिशेने, आणि शेवटी कोरडे सुती फडके. ह्या चोळण्यानेच कातडीतले तेल केसाच्या टोकापर्यंत पोचते. घोड्याच्या अंगावर माशी बसली तरी तेवढाच भाग थरारतो, इतकी ती कातडी जाणती. चांदणी पहिले दोन दिवस पाठ चोरीत होती. तिसऱ्या दिवशी तिने मान खाली सोडली आणि खालचा ओठ लोंबू दिला. "हां, आता बरं वाटतंय तिला," मामा म्हणाले. त्यांच्या आवाजात जरा ओशाळेपण होते.

पुढे आंघोळ सुरू झाली ती घोड्यांसाठीच्या सौम्य शॅम्पूने, तीही यात्रेआधी दोनदाच. आधी हाताच्या तळव्याएवढ्या जागेवर लावून एक दिवस वाट पाहिली. शॅम्पू बादलीत पातळ करून घ्यावयाचा, थेट अंगावर ओतावयाचा नाही. पाणी खुरांपासून वर न्यावयाचे. तोंडाला फक्त ओले फडके, कानात थेंब नाही. निथळणारे पाणी स्वच्छ दिसेपर्यंत धुवावयाचे, आणि ते दिसले की आणखी एक बादली. उरलेले पाणी पट्टीने निपटून सावलीत वाऱ्याला उभी करावयाची. ओल्या अंगावर झूल कदापि नाही. चांदणीचे ब्रश आणि फडकी निराळी ठेवली, कारण गजकर्णासारखा रोग एका जनावराकडून दुसऱ्याकडे आणि जनावराकडून माणसाकडेही जातो. नाकाडावर झिंक ऑक्साइडचे मलम, क्रिकेटपटू लावतात तसे. पोऱ्याला त्याची फार मौज वाटे. एरवी मालिशीसाठी काढलेली तेलाची बाटली मात्र बाईंनी फळीवर परत ठेवावयास लावली: उन्हातून हिंडणाऱ्या जनावराच्या अंगावर तेलाने धूळ बसते, दुसरे काही नाही.

अज्ञातवासात विराटाच्या अश्वशाळेत राबणारा नकुल आणि अश्वविद्येचा आद्य आचार्य शालिहोत्र ही नावे मी वर्गात सांगत आलो आहे. घोड्याच्या वैद्याला उत्तरेत 'सालोत्री' म्हणत, तो शब्द शालिहोत्रावरूनच आला. पण व्युत्पत्ती सांगणे निराळे आणि बादली उचलणे निराळे, असे मामांनी मला ऐकवले.

सारंगखेड्याला मीही गेलो होतो. डिसेंबरातली कडाक्याची थंडी, तापीवरचे धुके, आणि मैदानभर खिंकाळणे. चांदणीच्या शेजारी उभ्या असलेल्या एका घोड्याला निळीने असे न्हाऊ घातले होते की तो उन्हात आकाशी दिसे. चांदणीच्या गुडघ्यांवर पिवळट डाग तसेच होते. परीक्षकांपैकी एक वयस्क गृहस्थ आले, त्यांनी तिच्या पाठीवर केसांच्या उलट दिशेने हात फिरवला आणि बोटांकडे पाहिले. बोटे स्वच्छ होती. त्यांनी मान हलवली आणि पुढे गेले. बक्षीस मिळाले नाही. पंजाबातून आलेले दोन घोडे चालीत आणि उंचीत तिच्यापेक्षा सरस होते, हे आम्हांलाही दिसत होते. मुलीच्या फीसाठी मामांनी तिसरे जनावर तेथेच विकले. चांदणीला दोन गिऱ्हाइके आली होती. मामांनी नुसती मान हलवली.

यंदाच्या लग्नसराईची नोंदणी सुरू झाली आहे. परवा मी तबेल्यात असताना एक वरपिता आले. त्यांना घोडीच्या अंगावर चमकीचा फवारा आणि मानेवर गुलाबी रंगाची नक्षी हवी होती.

"साहेब, झूल मोठी घालतो, तुरा दोन हातांचा लावतो, घुंगरं चढवतो," मामा म्हणाले. "अंगाला रंग लागणार नाही."

वरपित्यांनी दुसऱ्या घोडेवाल्याचे नाव घेतले. मामांनी वही उघडली आणि त्या तारखेवरची पेन्सिलीची खूण पुसून टाकली.