यार्देनेच्या तीरावरील पुण्यस्नान

तीर्थ म्हटले की नदी आली, घाट आला, स्नान आले. हे काही आपल्याकडेच आहे असे नाही. नाताळात ज्या येशू ख्रिस्ताच्या जन्माचा उत्सव होतो, त्याने योहानाच्या हस्ते बाप्तिस्मा घेतला तो यार्देन नदीत. म्हणूनच जेरुसलेमच्या यात्रेस निघालेले ख्रिस्ती मंडळींचे जथे यरिहोजवळील कासर अल-यहूद येथे आवर्जून थांबतात.

शुभ्र झगे अंगावर घेऊन, धर्मगुरूंच्या मागोमाग आबालवृद्ध पायऱ्या उतरतात आणि त्या गढूळ पाण्यात बुडी घेतात. पात्र इतके अरुंद, की पैलतीरी जॉर्डन देशात स्नान करणारे भाविक सहज दिसावेत. मध्ये मात्र दोन राष्ट्रांची सीमा!

या तीराने पुष्कळ सोसले आहे. १९६७ च्या युद्धानंतर येथील मठांभोवती सुरुंग पेरले गेले व यात्रा खंडित झाली. २०११ साली घाट नित्य दर्शनास खुला झाला. मठांच्या आवारातील सुरुंग काढण्याचे काम २०१८ मध्ये सुरू झाले. फ्रान्सिस्कन पंथाच्या प्रार्थनामंदिरात जानेवारी २०२१ मध्ये तब्बल ५४ वर्षांनी मिस्सा झाली.

सुरुंग निघाले, पण नदी? इस्रायल, सीरिया व जॉर्डन यांनी तिचे बहुतांश पाणी वरच्या अंगालाच वळविले आहे. उन्हाळ्यातील चंद्रभागा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना अधिक सांगणे नलगे. तरीही परतताना यात्रेकरू तेच पाणी लहानशा कुपीत भरून घेतात. घरच्या तान्हुल्याच्या बाप्तिस्म्यासाठी.