धांवण्याचा आनंद आणि घड्याळाचा कांटा

मूल पुरतें चालावयास शिकण्यापूर्वींच धांवूं पाहतें. त्या धांवण्याला ना हेतु असतो, ना मोजमाप. पुढें प्रौढ वयांत तोच मनुष्य प्रकृतीसाठीं पुन्हा धांवावयास निघतो, तेव्हां मात्र त्याच्या मनगटावर घड्याळ असतें. आजचीं घड्याळें वेळ सांगून थांबत नाहींत. पावलें, अंतर, नाडीचे ठोके यांचा सारा जमाखर्च तीं ठेवितात. कालच्यापेक्षां आज अर्धें मिनिट अधिक लागलें कीं मन खट्टू होतें. ही शर्यत स्वतःशींच असल्यामुळें तिला शेवटची रेघ नसते, आणि वय तर एकाच दिशेनें जात असतें. मग कोणी गुडघे दुखवून घेतो, कोणी धांवणेंच सोडून देतो.

पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर १९१९ सालीं झालेल्या सामन्यांस सर दोराबजी टाटा उपस्थित होते. लांब पल्ल्याच्या शर्यतींत शेतकरी अनवाणी धांवले, आणि तें पाहून टाटा प्रसन्न झाले. ऑलिंपिकांत शंभर मीटरला किती वेळ लागत असावा, असें त्यांनीं जिमखान्याच्या एका प्रमुख सभासदास विचारलें, तों उत्तर आलें, एक-दोन मिनिटें! तेथें सेकंदाच्या दशांशावर निर्णय होतो हें ऐकून ते गृहस्थ थक्क झाले. पुढच्याच वर्षीं, १९२० मध्यें, बेळगांवचे फडेप्पा चौगुले अँटवर्पच्या मॅरेथॉनमध्यें एकोणिसावे आले. घड्याळाची ओळख बेताची असलेल्या समाजांतहि पाय उत्तम घडतात, एवढें यावरून दिसतें. स्पर्धेंत उतरणाराला घड्याळ हवेंच. प्रश्न आहे तो रोजच्या धांवण्याचा.

मालवणच्या किनाऱ्यावर हा प्रश्न समुद्रच सोडवितो. चिवल्याची पुळण असो वा तारकर्ली-देवबागची, धांवणाराला ओहोटीची वाट पाहावी लागते. ती रोज सुमारें ५० मिनिटें उशिरा येते. तेव्हां अमुक वाजतां निघण्याचा नेम टिकत नाहीं. ओहोटीनें उघडी पडलेली ओली वाळू घट्ट असते, कारण कणांमधील पाण्याचा पातळ थर त्यांना एकमेकांकडे ओढून धरतो. वरची कोरडी वाळू मात्र पायाखालून सरकते. तिच्यावर धांवण्यास कठीण जमिनीच्या दीडपटीहून थोडी अधिकच शक्ति खर्ची पडते, असें मापनांत आढळलें आहे. पावसाळ्यांत तर पुळणीचा मोठा भाग समुद्र ओढून नेतो व पुढें हळूहळू परत आणून टाकतो. वाटच रोज निराळी, मग कालच्या वेळेशीं आजच्या वेळेची तुलना करावयाची कशी? रापणीचे दोर आडवे आले तर थांबावेंच लागतें, आणि थांबलेला मनुष्य जाळ्यांत काय आलें तें पाहिल्यावांचून सहसा हालत नाहीं. घड्याळाच्या हिशेबीं हीं मिनिटें फुकट गेलेलीं!

नव्यानें आरंभ करणारानें सोबत्याशीं पुरें वाक्य बोलतां येईल इतक्याच वेगानें धांवावें, आणि दम लागला कीं खुशाल चालावें. पुळण समुद्राकडे कललेली असते, त्यामुळें एका पायावर ताण अधिक येतो. परततांना त्याच पट्ट्यानें आल्यास तो दुसऱ्या पायाकडे जातो. अनवाणी धांवावयाचें तर पहिले कांहीं दिवस थोडकेंच अंतर धरावें व शिंपल्यांवर नजर ठेवावी. कोठून वळावयाचें तें एखादें सुरूचें झाड पाहून ठरवावें, आणि भरती चढूं लागण्यापूर्वीं परत फिरावें.