कपबशा धुणाराही मोठा आचारी होतो

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात वणी, पुसद, दारव्हा कुठेही जा. हॉटेलात टेबल पुसणारी, कपबशा विसळणारी तरुण मुले दिसतातच. ‘शिकला नाही, म्हणून हॉटेलात लागला,’ असे घरचेच म्हणतात. अशा घरांनी रेमंड ब्लाँ या आचाऱ्याची हकिकत जरूर वाचावी.

ब्लाँ यांचा जन्म १९४९ साली फ्रान्समधील बेझाँसाँ शहराजवळ झाला. वडील घड्याळे बनवीत. चवीची पारख आली ती आईच्या चुलीपाशी. हातात स्वयंपाकाचे कोणतेही प्रमाणपत्र नव्हते. एका नावाजलेल्या हॉटेलात ते साफसफाईला लागले, मग भांडी धुऊ लागले, मग वेटर झाले. पुढे मुख्य आचाऱ्याची मर्जी गेली आणि नोकरीही गेली.

१९७२ साली ते इंग्लंडला गेले. ऑक्सफर्डजवळच्या एका हॉटेलात पुन्हा वेटरच. एके दिवशी तिथला आचारी आजारी पडला आणि भटारखाना ब्लाँ यांच्या हाती आला. आचाऱ्याचे आजारी पडणे हा योगायोग. पण त्या दिवशी काम निभावले ते आधी डोळे उघडे ठेवून शिकल्यामुळे.

१९७७ साली पत्नी जेनी यांच्यासह त्यांनी ऑक्सफर्डमध्ये स्वतःचे छोटे हॉटेल काढले. १९८४ साली ग्रेट मिल्टन या खेड्यातील जुन्या वाड्यात राहण्या-जेवणाची सोय असलेले ‘ल मान्वार ओ कात सेझाँ’ सुरू केले. भाजीपाल्यासाठी वाड्यालगतच मळा केला. मिशेलिन ही टायर बनवणारी फ्रेंच कंपनी उत्तम हॉटेलांना तारे देते. तीन तारे हा सर्वोच्च मान. खेड्यातल्या या हॉटेलाने दोन तारे मिळविले. ब्लाँ यांच्या हाताखाली काम केलेल्या मार्को पिअर व्हाईट यांना तर १९९५ साली तीन तारे मिळाले.

मग शिक्षण नको का? तसे मुळीच नाही. ज्यांना स्वयंपाकाची शाळा मिळाली नाही, त्याच ब्लाँ यांनी पुढे वाड्यात स्वयंपाकाची शाळा काढली!

तेव्हा बंधू-भगिनींनो, हॉटेलात राबणाऱ्या पोराला हिणवू नका. संध्याकाळी घरी आला की आज काय पाहिले ते विचारा. किती ताटांना किती डाळ लागली, तेल किती, भाव काय, हे वहीत लिहायला लावा. आईने झुणका-भाकरी मुलीइतकीच मुलालाही शिकवावी. आणि मालकाकडून पगार व सुट्टी मागताना त्याला एकटे सोडू नका.